क्लबहाऊस पूल ग्रुप: ब्रेकसाठी महागडी स्टिक घ्यावी का?

ए-११०२: मंडळी, सल्ला हवाय. ब्रेकसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीला रचलेले बॉल फोडायला, वेगळी स्टिक घ्यायचं चाललंय. प्रेडेटरची बीके रश, म्हणजे कार्बन शाफ्टवाली (शाफ्ट म्हणजे स्टिकचा पुढचा निमुळता भाग), मनात आहे, पण आयात ड्यूटी धरून आकडा बघितला की हात आखडतो. लाकडी शाफ्ट आणि फिनॉलिक (कडक प्लॅस्टिकसारख्या) टिपवाली साधी ब्रेक स्टिक त्याच्या कितीतरी खाली मिळतेय. एवढ्या पैशांचा फरक खेळात दिसतो का?

सी-४०१: वेगळी स्टिक जरूर घ्या, महाग नको. खेळायच्या स्टिकची लेदर टिप दर ब्रेकला दबते. कडा फेरूलच्या (टिपखालच्या कड्याच्या) बाहेर पसरतात, डोकं चकचकीत होतं, चॉक धरत नाही, आणि मग पांढरा बॉल मागे आणायच्या साध्या स्क्रूलाही टिप घसरून मिसक्यू होतो. टिप वाचवायची एवढ्यासाठीच ब्रेक स्टिक हवी, आणि ते काम साधी स्टिकही तितकंच करते.

ए-११०२: पण काका, महागडीने ब्रेक जोरात बसतो म्हणतात ना?

बी-७०३: जोर बराचसा टिपमुळे येतो. पांढरा साधारण १७० ग्रॅमचा, १९ औंसांची स्टिक ५३८ ग्रॅमची. टकरीत लेदर जास्त ऊर्जा गिळतं. उसळीचा गुणांक (टकरीनंतर किती वेग परत मिळतो ते) लेदरला ०.७३ च्या आसपास, फिनॉलिकला ०.८५ च्या आसपास धरा. हात तेवढाच चालवला तर पांढऱ्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ साध्या स्टिकवरच्या फिनॉलिक टिपलाही मिळते. तिच्यापुढे कार्बन शाफ्ट वेगात फारशी भर घालत नाही.

ए-११०२: मग वजन वाढवू? २१ औंस?

बी-७०३: नको. हाताचा वेग तोच राहिला तर १८ वरून २१ औंसांवर गेल्याने पांढरा जेमतेम ४ टक्के जलद सुटतो. पण जड स्टिकला हात तेवढा वेगाने जातच नाही. खेळायची स्टिक जेवढ्या वजनाची, तेवढ्याच वजनाची ब्रेकला घ्या, म्हणजे टायमिंग बदलत नाही.

डी-२०५: मी शाफ्टबद्दल सांगते, कारण लो-डिफ्लेक्शन (पांढरा नेमापासून कमी ढळवणारा) म्हणून जे पैसे घेतात ते ब्रेकला उलटही पडू शकतात. जोरात मारताना टिप मध्यापासून थोडी सरकतेच. प्रत्येक शाफ्टचा एक पिव्हट, म्हणजे टिपपासूनचं ठराविक अंतर, असतो. ब्रिज हँड (स्टिकला पुढून आधार देणारा हात) नेमका त्या अंतरावर असेल, तर मागचा हात डावीकडे-उजवीकडे गेला तरी पांढरा नेमाच्या रेषेतच जातो. लो-डिफ्लेक्शन शाफ्टचा पिव्हट लांब असतो, साध्या मेपलचा त्याहून जवळ. दहा-बारा इंचांवर ब्रिज ठेवणाऱ्याला साधा मेपल चुका जास्त माफ करतो.

तपासायचं असं. नेहमीचा ब्रिज धरून पांढऱ्याच्या मध्यावर नेम धरा. ब्रिज न हलवता बट (स्टिकचं मागचं टोक) जरासा उजवीकडे न्या, म्हणजे टिप अर्धी टिप डावीकडे जाईल. आता ब्रेकच्या जोराने मारा. पहिला बॉल फुल (मधोमध) लागला तर जोडी जमली. पांढरा डावीकडे गेला तर ब्रिज थोडा मागे घ्या, उजवीकडे गेला तर पुढे. कोणतीही स्टिक विकत घेण्याआधी उसनी मागून एवढं करून बघाच.

ए-११०२: हे माहीतच नव्हतं, ताई. आज संध्याकाळी करतो.

सी-४०१: त्याआधी रॅक (त्रिकोणात रचलेले बॉल) बघा, कळकळीने सांगतोय. आपल्या टेबलावर फूट स्पॉटला (पहिला बॉल ठेवायच्या खुणेला) खड्डा पडलाय. पहिला बॉल त्यात बसतो आणि दुसऱ्या ओळीपासून सुटतो. कागदाची कड जाईल एवढी फट असली तरी जोर तिथेच मरतो. बॉल मायक्रोफायबरने पुसा. त्रिकोण काढताना मागे ओढू नका, मागून बोटांनी बॉल दाबून धरा आणि त्रिकोण आधी किंचित पुढे सरकवा, मग वर उचला. फट हटत नसेल तर बॉलची जागा बदला, जुन्या सेटमध्ये साइज एकसारखी राहत नाही. बॉल रचायचा पातळ प्लॅस्टिकचा टेम्पलेट मिळतो, तो कमिटीने घेतलेला बरा.

ई-६०२: +१. आणि पांढरा उडून टेबलाबाहेर जातो ना, तो बट वर उचलल्यामुळे. पांढरा कुशनला चिकटवून ठेवला की बट उचलावाच लागतो. हेड स्ट्रिंगच्या (ब्रेकच्या बाजूच्या रेषेच्या) जवळ ठेवून स्टिक शक्य तेवढी आडवी धरा. जोर इतकाच हवा की पांढरा पहिल्या बॉलला फुल लागून टेबलाच्या मध्यावर थांबेल. तो खिशात गेला तर जोराचा फायदा समोरच्यालाच.

ए-११०२: म्हणजे कार्बनला काहीच अर्थ नाही?

डी-२०५: एक खरा फायदा आहे, तो वाकत नाही. ठाण्या-मुंबईच्या पावसाळ्यात लाकडी शाफ्ट भिंतीला तिरका टेकवून ठेवला की बाक येतो. लाकडी घेणार असाल तर केसमध्ये ठेवा, गाडीच्या डिकीत विसरू नका. जो आठवड्यातून चार-पाच दिवस खेळतो, स्पर्धांना जातो आणि ज्याचा ब्रेक आधीच घट्ट बसतो, त्याने कार्बन घ्यावा.

बी-७०३: स्पर्धेसाठी घेणार असाल तर फिनॉलिक टिप चालते का ते आयोजकांना आधी विचारा, सगळीकडे चालत नाही. डब्ल्यूपीएच्या (जागतिक पूल संघटनेच्या) मापांनुसार टिप १४ मिमीपेक्षा रुंद नको, वजन २५ औंसांपर्यंत, लांबी किमान ४० इंच.

सी-४०१: आणि फिनॉलिक टिप तशीच गुळगुळीत वापरू नका. बारीक सँडपेपरने डोकं हलकं खरवडा, दर ब्रेकआधी चॉक लावा, आणि पांढऱ्याच्या मध्यावरच मारा. कडेला लागली की ती लेदरपेक्षा लवकर घसरते. पांढऱ्याखाली कापडाचा छोटा तुकडाही ठेवा, नाहीतर एकाच जागेवर कापडाला पांढरे डाग पडतात. नवीन कापड चढवल्याला अजून वर्षही झालेलं नाही.