टोनी बेन : उमरावपद नाकारण्याचा लढा ही त्यांची खरी संसदीय कामगिरी मानावी का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आमच्या तालुक्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा 'संसदपटू' हा विषय ठेवला आहे आणि माझ्या वाट्याला ब्रिटिश मजूर पक्षाचे टोनी बेन आले आहेत. मधले दोन खंड वगळता १९५० ते २००१ या काळात ते कॉमन्स सभागृहाचे सदस्य होते. श्रोत्यांशी जोडून घेण्यासारखे धागे भरपूर आहेत. ब्रिस्टलमधील ज्या मतदारसंघातून ते प्रथम निवडून आले, ती जागा सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी आजारपणामुळे सोडली होती, आणि १९४२ च्या क्रिप्स शिष्टाईमुळे ते नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बेन यांचे वडील विल्यम वेजवुड बेन हे १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते.

माझी अडचण व्याख्यानाच्या मध्यवर्ती मुद्द्याची आहे. वडिलांना १९४२ मध्ये व्हायकाउंट स्टॅन्सगेट हे वंशपरंपरागत पद मिळाले, थोरला भाऊ १९४४ मध्ये युद्धात मारला गेला आणि १९६० मध्ये वडील वारल्याबरोबर पस्तीस वर्षांचे बेन आपोआप उमराव ठरले आणि उमरावाला कॉमन्समध्ये बसता येत नसल्याने त्यांची खासदारकी गेली. पुढे १९६३ चा कायदा होऊन त्यांना पद सोडता आले. मात्र या कायद्याने उमराव सभागृह जसेच्या तसे राहिले. ज्याला बाहेर पडायचे असेल त्याला दार उघडून मिळाले, एवढेच. शिवाय तीन महिन्यांच्या आत हुजूर पक्षाचे लॉर्ड होम पंतप्रधान झाले आणि त्याच दाराने बाहेर आले. मग ही सुधारणा म्हणायची की एका माणसाची सुटका? खोती नष्ट झाली, त्या प्रसंगाशी याची तुलना करावी असेही मनात आहे. जाणकारांनी मत द्यावे.

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

मी वकिली करतो, त्यामुळे मला या प्रकरणातील निकालापेक्षा त्याची वाट अधिक महत्त्वाची वाटते. वारसा येण्यापूर्वीच तो नाकारण्याचा प्रयत्न बेन यांनी १९५५ मध्येच, वडील हयात असताना आणि त्यांच्या पाठिंब्याने, एका विधेयकाद्वारे करून पाहिला होता आणि तो फेटाळला गेला होता. वडिलांच्या निधनानंतर विशेषाधिकार समितीनेही त्यांच्या विरुद्ध मत दिले आणि ब्रिस्टलमध्ये पोटनिवडणूक लागली. आपण अपात्र आहोत हे माहीत असूनही ४ मे १९६१ रोजी बेन उभे राहिले आणि त्यांना २३,२७५, तर हुजूर पक्षाचे माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१ मते पडली.

निवडणूक न्यायालयाने तरीही सेंट क्लेअर यांनाच विजयी घोषित केले. उमेदवार अपात्र असल्याची पूर्वसूचना मतदारांना मिळालेली असेल, तर त्याला दिलेली मते वाया गेली असे धरायचे, हे तत्त्व न्यायाधीशांनी लावले. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही, पण ज्याला निम्म्याहून कमी मते पडली तो खासदार झाला हे लोकांच्या डोळ्यांवर आले आणि सरकारला दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमावी लागली. तिच्या शिफारशींवरून झालेल्या कायद्याला ३१ जुलै १९६३ रोजी राजसंमती मिळाली आणि त्याच दिवशी संध्याकाळी बेन यांनी पद सोडले. सेंट क्लेअर यांनी दिलेला शब्द पाळून राजीनामा दिला, ही गोष्ट व्याख्यानात अवश्य सांगावी, कारण पराभूत बाजूचा सभ्यपणा सहसा सांगितला जात नाही.

'एका माणसाची सुटका' हे आपले वर्णन अपुरे आहे. स्वतःच्या हक्काने वंशपरंपरागत पद धारण करणाऱ्या स्त्रियांना उमराव सभागृहात बसण्याचा अधिकार याच कायद्याने मिळाला. मर्यादाही नोंदवावी. पदत्याग त्या व्यक्तीच्या हयातीपुरताच असतो. त्यामुळे २०१४ मध्ये बेन यांच्या निधनानंतर थोरले पुत्र स्टीफन हे व्हायकाउंट झाले आणि २०२१ मध्ये उमराव सभागृहात दाखलही झाले.

शिरगाव-आगर (गुहागर)

खोतीची तुलना कृपया टाळावी. खोताकडे गावचा वसूल होता, कुळांवर सत्ता होती, आणि त्या वसुलाखाली पिढ्यान्‌पिढ्या भरडलेल्या माणसांच्या बाजूने डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. बेन यांच्या प्रकरणात वारसाने मिळत होते ते कायदेमंडळातील आसन, आणि ते नको म्हणणारा स्वतः वारसदारच होता. आपल्या भागातल्या श्रोत्यांना खोती अजून आठवते. त्यांना ही तुलना खटकेल.

मांडवीबंदर (वेंगुर्ले)

मला १९६३ पेक्षा १९७५ महत्त्वाचे वाटते. युरोपीय समूहातील सदस्यत्वाचा प्रश्न थेट जनतेपुढे ठेवावा, ही सूचना बेन यांनी १९७० च्या सुमारास केली तेव्हा स्वपक्षातही तिला फारसे कोणी विचारले नाही. पक्षनेतृत्वाने १९७२ मध्ये ती स्वीकारली तेव्हा रॉय जेंकिन्स यांनी उपनेतेपदाचा राजीनामा दिला, आणि ५ जून १९७५ रोजी ब्रिटनमध्ये पहिले देशव्यापी सार्वमत झाले. गंमत अशी की बेन बाहेर पडण्याच्या बाजूने होते आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी त्यांच्या विरुद्ध कौल दिला. पाठोपाठ पंतप्रधान विल्सन यांनी त्यांना उद्योग खात्यातून ऊर्जा खात्यात हलवले. मागणी मान्य होणे आणि बाजू हरणे या दोन गोष्टी एकाच प्रसंगी घडल्या.

येथे तुलनाच हवी असेल तर बॅ. नाथ पै यांची घ्यावी. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर मूलभूत हक्कांसह घटनादुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित व्हावा, म्हणून त्यांनी १९६७ मध्ये खासगी विधेयक मांडले. त्यांच्या हयातीत ते मंजूर झाले नाही, पण जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच हेतू साधला. ती दुरुस्ती योग्य होती की नाही, हा वेगळा वाद आहे. राजापूरच्या खासदाराचे हे उदाहरण दिले तर, सत्तेबाहेरचा सदस्य संसदेत काय पेरू शकतो हे आपल्या श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

विजयदुर्गखाडी (राजापूर)

आमच्या बाजूला माणसे बेन यांच्याविषयी दुसऱ्याच कारणाने विचारतील. ऊर्जामंत्री असताना ते अणुवीजनिर्मितीचे समर्थक होते आणि पुढे तिचे ठाम विरोधक झाले. खात्याने आपल्याला पुरेशी माहिती दिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या कारकिर्दीतच, १९७७ मध्ये, विंडस्केल येथील अणुइंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्पावर न्यायमूर्ती पार्कर यांच्यापुढे शंभर दिवस जाहीर चौकशी चालली. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या प्रकल्पाचा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मंत्र्याने मागाहून बदललेले मत पुरेसे वाटणार नाही. खुर्चीवर असताना काय विचारले, काय तपासले, हे ते विचारतील, आणि तो प्रश्न मला रास्त वाटतो. बेन यांचे गुणगान करताना हा भाग गाळू नये.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे आभार. खोती वगळतो, नाथ पै घेतो.

रत्नदुर्ग यांच्या विवेचनामुळे मांडणीची दिशा बदलते आहे. सत्ताधाऱ्याला विचारायचे बेन यांचे पाच प्रश्न प्रसिद्ध आहेत : तुमच्याकडे कोणती सत्ता आहे, ती कुठून मिळाली, कोणाच्या हितासाठी वापरता, कोणाला उत्तरदायी आहात आणि तुम्हाला दूर कसे करता येईल. हे प्रश्न व्याख्यानाच्या शेवटी टाळ्यांसाठी म्हणण्याऐवजी सुरुवातीलाच मांडून १९६१ ची पोटनिवडणूक, १९७५ चे सार्वमत आणि ऊर्जा खाते हे तिन्ही प्रसंग त्यांवर तपासावेत, असे ठरवतो आहे. ऊर्जा खात्याच्या बाबतीत खुद्द बेनच तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला कितपत उतरतात, हे पाहावे लागेल.

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

क्रम चांगला आहे. पाचव्या प्रश्नाखाली १९८३ ची निवडणूकही घ्यावी. मतदारसंघांची फेररचना होऊन त्यांचा जुना मतदारसंघ नाहीसा झाला, ते ब्रिस्टलमध्येच दुसऱ्या जागेवरून उभे राहिले आणि पडले. मार्च १९८४ मध्ये चेस्टरफील्डच्या पोटनिवडणुकीतून परत आले. न्यायालयाने घालवलेली जागा आणि मतदारांनी घालवलेली जागा, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आल्या असल्याने हा मुद्दा पाच मिनिटांत सांगून होईल.