रेणवीय जैवसूचक, जैवखूण की नुसतं बायोमार्कर?

भीमाकाठ (सोलापूर)
मंडळी, आपल्या जिल्ह्यातले गोपालक, शर्यतीचे बैल सांभाळणारे आणि घोडेवाले यांच्यासाठी चार पानी माहितीपत्रक लिहिते आहे. रक्त, दूध, शेण, केस यांतले ठरावीक रेणू मोजून जनावराच्या तब्येतीवर नजर ठेवता येते, पुष्कळदा बाहेरून काही दिसायच्या आधीच, हा त्याचा विषय. या रेणूंना 'मॉलिक्युलर बायोमार्कर' म्हणतात. हाताशी आलेल्या हिंदी मजकुरात 'आणविक जैवचिह्नक' होतं, त्याचं कुणीतरी 'आण्विक जैवचिन्हक' करून दिलंय. ते मला फार खटकतंय. जैवसूचक, जैवदर्शक, जैवचिन्हक हे शब्द सुचलेत. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला कळेल आणि पशुवैद्यकालाही चूक वाटणार नाही, असा कुठला घ्यावा?

कोशवाचक (पुणे)
'आण्विक' आज काढून टाका. हिंदीत मॉलिक्यूल म्हणजे अणु आणि ॲटम म्हणजे परमाणु. मराठीत ॲटमला अणू म्हणतात आणि मॉलिक्यूलला रेणू. म्हणून त्यांचा 'परमाणु बम' आपल्याकडे 'अणुबॉम्ब' होतो. 'आणविक' नुसता मराठी वळणाने लिहिला की अर्थ एक पायरी खाली घसरतो आणि वाचणाऱ्याला अणुऊर्जा आठवते. गाईच्या रक्ताची 'आण्विक तपासणी' म्हटल्यावर एखादा गोपालक बिचकला तर त्याचं काय चुकलं? शाळेत आपण रेणुसूत्र, रेणुवस्तुमान शिकलो, त्याच घरातलं 'रेणवीय' घ्या. काही जण 'रैण्विक' लिहितात. तेही शुद्ध आहे, पण उच्चारायला जड.

'जैवदर्शक' मात्र नको. पर्यावरणाच्या लेखनात तो शब्द जिवंत प्रजातींसाठी वापरतात. दगडफुलासारखं शैवाक जिथे चांगलं वाढतं तिथली हवा स्वच्छ आहे असं मानतात, म्हणून ते दर्शक. तिथे सजीव बाहेरच्या परिस्थितीबद्दल सांगतो. तुमच्या पत्रकात सजीवाच्या आतला रेणू त्याच सजीवाबद्दल सांगतो.

जनावरांचा डॉक्टर (माळशिरस तालुका)
'दर्शक' नको म्हणण्याला माझ्याकडे आणखी एक कारण आहे. कासदाहासाठी (कासेला सूज येण्याच्या आजारासाठी) गोठ्यात करतो त्या सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणीच्या द्रावणात ब्रोमोक्रेसॉल पर्पल असतं. दूध अल्कधर्मी झालं की त्याचा जांभळा रंग गडद होतो. शाळेतल्या हळदीसारखा, लिटमससारखा तो खराखुरा दर्शक. त्याच पेल्यात दुसरी गोष्ट घडते. द्रावणातला साबणासारखा घटक दुधातल्या पेशी फोडतो, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि दूध चिकट, जेलीसारखं होतं. पेशी जितक्या जास्त तितकं ते घट्ट. म्हणजे एकाच पेल्यात दर्शकही आहे आणि तुमचा मार्करही. दोन्हींना एकच शब्द दिलात तर मी शेतकऱ्याला समजावू कसा?

आता 'चिन्हक'. हा शब्द वाईट नाही, पण तो दुसऱ्या कामासाठी राखून ठेवा. पैदाशीच्या क्षेत्रात 'मॉलिक्युलर मार्कर' म्हणतात तो डीएनएतला ठरलेला फरक असतो. बीटा केसीनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: ए-१ आणि ए-२ दुधातला फरक त्या प्रथिनातल्या ६७व्या जागेवर हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आहे की प्रोलीन, एवढाच. गाय वासरू असताना शेपटीचा केस तपासा नाहीतर म्हातारपणी तपासा, उत्तर तेच येणार. खिलार जातीची शुद्धता पाहायचे मार्करही याच प्रकारचे. तब्येतीचा बायोमार्कर याच्या अगदी उलट: तो हलतो, म्हणूनच तो उपयोगाचा. निरोगी गाईच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन जवळजवळ सापडत नाही. शरीरात दाह सुरू झाला की ते झपाट्याने चढतं आणि दाह ओसरला की उतरतं. जन्मभर न बदलणाऱ्याला 'जनुकीय चिन्हक' म्हणा आणि रोज बदलणाऱ्याला 'जैवसूचक'. सध्या पुष्कळ मराठी लेखांत दोन्हींची सरमिसळ होते, आणि मग 'एकदा तपासलं, झालं' असा समज पसरतो. त्या समजापायी जनावरं दगावू शकतात, म्हणून मी एवढा आग्रह धरतोय.

'सूचक' मला पटतो त्याचं कारण साधं आहे. ते सुचवतं, ठरवत नाही. हॅप्टोग्लोबिन वाढलं तर कासदाह असेल, व्यायल्यानंतरचा गर्भाशयदाह असेल, किंवा गाईने वैरणीबरोबर तार गिळली असेल. आकडा एकच, आजार तीन. निदान करायला जनावर हाताने तपासावंच लागतं.

दूध संकलन, माढा
ताई, डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, पण 'सूचक' शब्दाला आमच्याकडं आधीच एक मालक आहे. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक लिहिलेलं असतं. 'जैव' लावल्यावर गोंधळ होणार नाही हे खरं, तरी पहिल्यांदा ऐकताना तेच डोक्यात येतंय.

आमच्याकडं 'खूण' चालेल. 'आजाराची खूण', 'तब्येतीची खूण' म्हटलं की म्हातारं माणूसही मान हलवतं. कासदाह तर कुणी म्हणतच नाही, सगळे 'दगडी' म्हणतात. कास दगडासारखी घट्ट झाली की कुणालाही कळतं. पण कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, गाय पेंड खातीय आणि तरी आतून दगडी चालू आहे, हे लोकांच्या गळी उतरत नाही. त्याला तुम्ही सुप्त कासदाह म्हणता. पत्रकात 'न दिसणारी दगडी' लिहा. आणि तुमच्या चार पानांतलं एक पान यालाच द्या, कारण सडातून दूध कमी होत जातं ते याच्यापायी आणि माणूस पेंड बदलत बसतो.

जनावरांचा डॉक्टर (माळशिरस तालुका)
'न दिसणारी दगडी' फार छान. त्यात एक आकडा घाला: दुधात दर मिलिलिटरला पेशी २ लाखांच्या वर गेल्या तर ती असल्याचा संशय घेतात. फक्त लक्षात घ्या, पेशींची मोजणी म्हणजे रेणू नव्हे. ती जैवसूचक आहे, 'रेणवीय' नाही. दुधातलं अमायलॉइड-ए हे प्रथिन मोजलं तर तो रेणवीय.

खिलार आणि घोडा (अकलूज)
शर्यतीच्या जनावरांबद्दल. एक तर आपल्या भागात 'बैलगाडी शर्यत' म्हणतात. 'बैलगाडा' हा पुण्याकडचा, घाटातला शब्द. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवल्यापासून शर्यती कायदेशीर चौकटीत आल्यात, त्यामुळे जनावराच्या तंदुरुस्तीची भाषा नीट असणं गरजेचं झालंय.

मालक म्हणतो, 'पाय भरून आलेत', 'अंग धरलंय'. ही लक्षणं. घोड्यात याच्यामागे स्नायू फाटल्याचे दोन सूचक रक्तात मिळतात. क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतलं विकर (एन्झाइम) कष्टानंतर काही तासांत चढतं आणि लवकर उतरतं. एएसटी हे दुसरं विकर उशिरा, साधारण २४ तासांनी, शिखरावर जातं आणि बरेच दिवस रेंगाळतं. पहिलं उतरलेलं आणि दुसरं चढलेलं दिसलं तर इजा कालपरवाची. दोन्ही चढलेले असतील तर ताजी. एका घोड्याला विश्रांती द्यायची की दुसऱ्या दिवशी पळवायचा, हा निर्णय यावर ठरू शकतो.

पण याला तुलना लागते. त्याच घोड्याचे निवांत असतानाचे आकडे हवेत. इंग्रजी 'बेसलाइन'ला कुणीतरी 'आधाररेषा' करतं. कृपा करून नको. 'त्या जनावराची नेहमीची पातळी' लिहा, लांब असलं तरी.

आणि 'ताणाचा रेणू' म्हणून कॉर्टिसॉल येणारच तुमच्या पत्रकात. बुजऱ्या खोंडाला दोरखंड लावून, चौघांनी धरून रक्त काढलं तर त्या धरण्यानेच कॉर्टिसॉल वाढतं. म्हणून शेणातले त्याचे अवशेष किंवा केस तपासतात. शेण कित्येक तासांपूर्वीचा ताण सांगतं, केस कित्येक आठवड्यांचा.

संस्कृतची विद्यार्थिनी (बार्शी)
आयुर्वेदात रोगाच्या आधी दिसणाऱ्या खुणांना 'पूर्वरूप' म्हणतात. कल्पना जवळची आहे, पण तो शब्द वैद्यांचा ठरलेला आहे, रेणूला लावू नये. 'निदान'ही तिथे कारण या अर्थी येतो, आजचा अर्थ नंतरचा. 'गमक' हा शब्द अर्थाने चपखल बसला असता: जे कळवतं ते. पण मराठीत 'यशाचं गमक' इतकं रूढ झालंय की 'जैवगमक' वाचून लोकांना आयुष्याचं रहस्य वाटेल.

भीमाकाठ (सोलापूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षकात 'जनावरांच्या तब्येतीच्या खुणा' ठेवते. आत पहिल्यांदा 'रेणवीय जैवसूचक, म्हणजे बायोमार्कर' असं एकदाच, कारण प्रयोगशाळेच्या कागदावर तोच शब्द छापून येणार आणि तो गोपालकाला ओळखता आला पाहिजे. पुढे सगळीकडे 'सूचक'. डीएनएसाठी 'जनुकीय चिन्हक', वेगळ्या चौकटीत.

एक परिच्छेद असा लिहिलाय, बघा:

'गाय व्यायल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्ताच्या एका थेंबावरून बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट (शरीरातली चरबी वापरली जाताना तयार होणारा रेणू) मोजता येतं. ते लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेलं तर गाय खात असली तरी तिला किटोसिस (ऊर्जा कमी पडल्याने होणारा आजार) झाला आहे. पंढरपुरी म्हशीलाही हीच मर्यादा लागू.'

जनावरांचा डॉक्टर (माळशिरस तालुका)
'झाला आहे' काढा, 'असण्याची शक्यता आहे, डॉक्टरांना दाखवा' घाला. म्हशीचं वाक्य पूर्ण काढा, ही मर्यादा गाईंची आहे. एका जनावराचा सूचक दुसऱ्याला आपोआप लागत नाही: माणसात आणि कुत्र्यात दाहासाठी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन पाहतात, गाईत ते फारसं कामाचं नाही, घोड्यात सीरम अमायलॉइड-ए पाहतात. हे वाक्य पत्रकात घेतलंत तरी चालेल.

दूध संकलन, माढा
'मिलिमोल' तसंच ठेवा ताई. यंत्रावर आकड्यापुढं तेच दिसतंय.