शेजाऱ्याच्या संमतीने मार्जिन मिटत नाही

भाऊ, बाजूच्या मोकळ्या जागेत कंपाउंड वॉलपर्यंत शेड टाकून ती बंदिस्त करायची, शेजाऱ्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की झालं, असं बरेच जण सांगतात. नाही होत. सामासिक अंतर, म्हणजे मार्जिन, ही घर आणि प्लॉटची हद्द यांच्यात मोकळी सोडायची जागा; तो तुमचा-शेजाऱ्याचा करार नव्हे. ते 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ठरतं. शेजारी खूश असला तरी नगररचना कायद्याच्या कलम 53ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढण्याची, नोटीस येऊ शकते.

सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरून उजेड-हवा वगैरे मिळण्याचा हक्क, हा वेगळाच विषय. 1882च्या कायद्यानुसार शेजाऱ्याच्या खिडकीला 20 वर्षं विनाअडथळा, हक्काने उजेड-हवा मिळत असेल, तर ती अडवणं महागात पडतं. आणि लिहून देणारा उद्या घर विकून मोकळा होईल!

गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) मात्र आधी बघा. जुन्या लेआउटमध्ये चेंबर बरेचदा त्याच पट्ट्यात असतं. वर टाइल्स बसवल्या आणि भर पावसाळ्यात लाइन चोक झाली, की फोडाफोडी आलीच.

प्लॉट सुधार प्रन्यासचा (शहरात लेआउट पाडून प्लॉट देणारी सरकारी संस्था) लीजवर असेल तर लीज डीडच्या अटीही वाचा. मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टकडून मार्जिन मोजून घ्या, फॅब्रिकेटरचा ॲडव्हान्स त्यानंतर. नुसती कूलरला सावली हवी असेल, तर हिरवी नेट बांधा ना!