मदत हवी आहे: मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्या आणि व्हिटॅमिन ई-सी

घाईत_आहे: बाबांना मधुमेह आहे, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात म्हणे. ई ४०० आणि सी सुरू केलं, तर शुगर उलट वाढलेली दिसतेय! डोस वाढवू की बंद करू? लवकर सांगा.

औषधी_डबा: सी किती? शुगर कशावर बघता? रक्त पातळ करायची गोळी आहे का?

आवळेवाली: गोळ्या कशाला? रोज एक आवळा चावून खायचा.

तिरकस: खा की, फक्त मोरावळा नको, तो साखरेच्या पाकातला. रक्तवाहिन्यांचं म्हणाल तर हार्ट प्रोटेक्शन स्टडी बघा, २००२, ब्रिटन. २०,५३६ जण, त्यात मधुमेही भरपूर. रोज ई ६००, सी २५०, बीटा-कॅरोटिन २० मिग्रॅ, पाच वर्षं. हृदयविकार-पक्षाघातात काही फरक नाही. त्याच अभ्यासात सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने (४० मिग्रॅ) मात्र ते सुमारे पाव हिश्शाने घटले.

आवळेवाली: त्यात गोळ्या होत्या, आवळे नव्हते.

तिरकस: प्रश्नही गोळ्यांचाच आहे, ताई.

घाईत_आहे: सी ५००, दोनदा. दंडावर सेन्सर आहे. वॉरफरिन चालू आहे, त्याचा काय संबंध?

औषधी_डबा: संबंध आहे. ई जास्त झालं की वॉरफरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. ई थांबवा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) तपासा. वॉरफरिन मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना आजच फोन करा. आता शुगर. काही सेन्सरमध्ये रोज ५०० मिग्रॅच्या वर सी गेलं की आकडा खोटा चढतो, कारण इलेक्ट्रोडवर सीचीही रासायनिक क्रिया होते आणि यंत्र तिला ग्लुकोज समजतं. सेन्सरचं माहितीपत्रक वाचा. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलंत तर शुगर धाडकन खाली येईल. लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर ताडून बघा. तसंही दिवसाला २००-४०० मिग्रॅच्या पुढे रक्तातलं सी फारसं वाढत नाही, उरलेलं लघवीवाटे जातं.

कोथिंबीर: मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) असेल तर बी१२ तपासा.

तिरकस: कोणी विचारलंय?

कोथिंबीर: पायाला मुंग्या येत असतील तर रक्तवाहिन्यांना दोष देण्याआधी तेच बघतात.

घाईत_आहे: मुंग्या नाहीत, चाललं की पोटऱ्या दुखतात. एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) १.४५ आलाय. ०.९ च्या वर चांगलं ना?

औषधी_डबा: १.४ च्या वर नाही. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, पट्टा आवळूनही ती दबत नाही आणि आकडा फुगतो. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्या. बाबा सिगारेट ओढतात का?

घाईत_आहे: विडी. सिगारेट नाही.