द्राक्षांच्या हंगामात तासगाव

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी (एसलिंगेन)
विषय: फेब्रुवारीत सांगली – द्राक्षं, वाईन, खाणं

सप्रेम नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आपण मंडळातली बारा-तेरा घरं मिळून इथं जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या फेलबाखच्या द्राक्षोत्सवाला गेलो होतो, तेव्हापासून एक विषय डोक्यात आहे. फेब्रुवारीत सांगलीला आमच्या दिरांच्या मुलीचं लग्न आहे. आमच्यासोबत इथली एक जर्मन मैत्रीण आणि तिचा नवरा येणार आहेत. दोघांनाही वाईनची मनापासून आवड. त्यांनी विचारलं, "तुमच्या सांगलीतही द्राक्षं पिकतात ना? मग तिथली वाईन कशी असते? असे उत्सव असतात का?" मला काही सांगता आलं नाही. माझं माहेर पुण्याचं, आणि सासरी दर वेळी चार दिवसांच्या धावपळीत जाणं होतं.

लग्नानंतर पाच दिवस मोकळे आहेत. पलूसला वाईन पार्क आहे असं ऐकलंय. तिथं जाता येईल का? बागा बघायला मिळतील का? खायला काय आवर्जून शोधावं? तासगावकर भाऊ, तुम्ही सध्या गावाकडेच आहात असं कळलं, म्हणून मुद्दाम तुम्हालाच विचारते.

---

प्रेषक: तासगावकर (सध्या मणेराजुरी)
विषय: उत्तर: फेब्रुवारीत सांगली – द्राक्षं, वाईन, खाणं

वहिनी, नमस्कार. सगळ्यांना नमस्कार.

होय, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तीन महिने इथूनच काम करतोय. सकाळी बागेत, दुपारनंतर लॅपटॉपवर. मणी आत्ता हरभऱ्याएवढे झालेत. ढग आले की अख्ख्या गावाची झोप उडते.

आधी वाईनचं सांगतो. नुसत्या वाईनसाठी येणार असाल तर नाशिकला जा. तिथं टेस्टिंग रूम आहेत, राहायची सोय आहे, सगळं नीट बसलेलं आहे. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं तेव्हा दोन वाईन पार्क ठरले, एक नाशिककडं विंचूरला आणि दुसरा आपल्या पलूसला. आमच्या भागात तेव्हा लोकांनी फार आशा धरली होती. माझ्या चुलत्यांनी एक एकर शिराझ, म्हणजे वाईनची द्राक्षं, लावली. पण पाहुण्यांनी यावं, चार घोट चाखावेत, जेवून जावं, असं पलूसला नाशिकसारखं काही उभं राहिलं नाही. चार वर्षांनी चुलत्यांनी ती बाग मोडली.

कारण समजून घेण्यासारखं आहे. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बी. तो घड बाजारात कोण घेणार? वायनरीनं माल उचलला तर ठीक, नाही उचलला तर शेतकऱ्याला दुसरी वाटच नाही. आमच्या थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या खायच्या द्राक्षांचं तसं नाही. दर चांगला असेल तर माल पेटीत भरून जातो, दर पडला की बेदाण्याला जातो. (तास-ए-गणेश ही थॉमसनमधूनच निवडलेली जात, आमच्या तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी काढलेली. तुमच्या मैत्रिणीला हे नक्की सांगा. आपल्या माणसानं बागेत डोळे उघडे ठेवून केलेलं काम आहे ते.) तिकडं जर्मनीत नेकार नदीकाठी पीक टिकवायला वाईन करतात, इथं बेदाणा करतात. म्हणून माझं म्हणणं असं, की पाहुण्यांना ग्लास शोधत फिरवू नका, बेदाण्याच्या शेडवर न्या.

फेब्रुवारी-मार्च हा अगदी त्याचाच काळ. कवठेमहांकाळच्या पुढं नागज, जुनोनीकडं गेलात की मोकळा माळ लागतो. हवा कोरडी, वारा भरपूर. तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगाला शेडच शेड. क्रेटमधनं घड येतात, ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवून काढायचे. त्यानं सालीवरची मेणाची लव सुटते आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग जाळीच्या रॅकवर एकाखाली एक थर पसरायचे. ऊन लागू द्यायचं नाही, नुसत्या सावलीतल्या वाऱ्यावर वाळवायचं, म्हणून तर हिरवा रंग टिकतो. पहिल्या दिवशी घड टपोरे असतात. आठव्या दिवशी हात लावला तर मणी चामड्यासारखा मऊ लागतो, बोटाला चिकटतो. पंधरा-वीस दिवसांत बायका रॅक झाडायला घेतात आणि खालच्या कापडावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा. शेडमधला तो वास, थोडा गुळाचा, थोडा गंधकाचा, मला स्टुटगार्टच्या ऑफिसातही कधी कधी आठवतो.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तासगावच्या बाजार समितीत सौदे चालतात, एखाद्या सकाळी तेही दाखवा. ओळखीचं कुणी सोबत असलं म्हणजे झालं, मी येईन.

तुम्ही उत्सवाचं विचारलंत. फेलबाखचा उत्सव पीक घरात येताना असतो. आमचा मोठा उत्सव, तासगावच्या गणपतीचा रथ, येतो भाद्रपदात. हा दीड दिवसाचा गणपती. ऋषिपंचमीला रथ निघतो, जाडजूड दोरखंडाला हजारो हात लागतात. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या मंदिराचं सात मजली दाक्षिणात्य गोपूर, त्याच्यासमोर गुलाल आणि पेढ्यांची उधळण. त्या वेळी बागेत घडाचा पत्ता नसतो. रथ झाला की महिन्याभरात फळछाटणी सुरू होते. वर्षाचा सगळा खर्च, सगळी जोखीम त्या छाटणीपासून पुढं. म्हणून दोरखंड धरताना आमची माणसं जे मागतात ते पुढच्या चार महिन्यांचं मागणं असतं. यंदा तुम्हाला तो बघायला मिळणार नाही, पण गोपूर बघून या.

एक आठवण सांगतो. तीन वर्षांपूर्वी वडील स्टुटगार्टला आले होते. त्यांना मी रेमस्टालमधल्या एका बेझनमध्ये नेलं. नवीन सभासदांसाठी सांगतो: दारावर केरसुणी टांगली की समजायचं, या शेतकऱ्यानं घरातच खानावळ उघडलीय. स्वतःच्याच मळ्यातली वाईन द्यायची, वर्षात चार महिने, आणि बसायला चाळीसच जागा, असा तिकडचा नियम. वडिलांच्या गळ्यात माळ आहे. त्यांनी द्राक्षाचा रस मागितला आणि कांद्याचा केक खाल्ला. मग घरमालकाला खुणेनं विचारून मागच्या उतारावर गेले. काडी हातात धरून तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजले. मला म्हणाले, "विचार त्याला, वर्षातनं किती वेळा छाटतो." तो म्हणाला, "एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना." वडील बराच वेळ गप्प होते. आमच्याकडं कडक थंडी नाही, त्यामुळं वेल झोपतच नाही. एप्रिलात खरडछाटणी करून काडी तयार करायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करून घड काढायचा, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची. दोन छाटण्या, पीक एकच. त्या घरमालकालाही हे ऐकून नवल वाटलं, त्यानं वडिलांचे हात हातात घेऊन पाहिले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं तासभर वेलीतनं हिंडले.

तुमच्या पाहुण्यांना असं काही मिळावं असं वाटतं. आमची बाग, आमचं घर त्यांचंच आहे. पण बागेत आलेल्या माणसाला इथलं दुःखही दिसलं पाहिजे. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं आमचा दोन एकराचा माल उचलला, अर्धे पैसे दिले, आणि मग फोन बंद. गावात अशी दहा-बारा घरं निघाली. आईनं त्या रकमेचं कुणाजवळ नाव काढलं नाही, फक्त त्या वर्षी घराला रंग द्यायचा राहिला. २००३ च्या दुष्काळात याच बागा टँकरनं जगवल्यात. म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी आल्यावर माळ हिरवा झाला, तर आता अवकाळीची भीती. मॉलमधल्या डब्यातली द्राक्षं हातात घेताना हे कुणाला कसं कळावं?

खाण्याचं काकू सांगतील, त्यांचा हात कुणी धरणार नाही.

---

प्रेषक: मिरजकर काकू (मिरज)
विषय: उत्तर: फेब्रुवारीत सांगली

अगं, माझं नाव घेतलंच आहे तर सांगते. आम्ही परत येऊन सहा वर्षं झाली, पण या यादीवरून नाव काढायला मन होत नाही.

फेब्रुवारीत ज्वारी निसवून कणसं भरलेली असतात. हुरडा मिळाला तर सोडू नकोस. शेणीच्या आगट्यात कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत दुसऱ्या कुठल्या वांग्यांचं तसं होत नाही, ही माझी ठाम समजूत आहे. पाहुण्यांना तिखट सोसत नसेल तर भरीत, भाकरी आणि घट्ट दही एवढ्यावर पोट भरेल. पुरणपोळीचा बेत असेल तर सोबत येळवणीची आमटी हवी, नुसतं दूध नको. सांगलीचं भडंग घेऊन जा, पण ताजं, लसूण दिसणारं.

त्याच दिवसांत हळद काढणी चालू असते. कायलीत हळद शिजताना बघितली की जर्मन पाहुण्यांना त्यांच्या दुधातल्या पिवळ्या पुडीचा अर्थ कळेल! सांगलीच्या हळदीलाही २०१८ पासून मानांकन आहे.

आणि मिरजेला यायचंच. सतारमेकर गल्लीत भोपळ्याला आकार देताना बघायला अर्धा दिवस काढ. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे सुराची घुमणारी आस, लावताना कारागीर घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक धागा सरकवतो, आणि इतका वेळ मुका वाटणारा सूर एकदम उघडतो. मी पंचवीस वेळा बघितलंय, दर वेळी अंगावर काटा येतो. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं. उरूस हिजरी महिन्यानं चालतो, इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. तुझ्या तारखा कळव, जुळतंय का बघते.

ऊन मात्र महिनाअखेरीस चांगलंच चढतं. दुपारी बारा ते चार कुठं भटकू नका.

---

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी (एसलिंगेन)
विषय: उत्तर: उत्तर: फेब्रुवारीत सांगली

काकू, भाऊ, तुमची पत्रं मी मैत्रिणीला अनुवाद करून वाचून दाखवली. बेझनची गोष्ट ऐकून तिचे डोळे भरून आले. तिचे आजोबा हाइलब्रोनजवळ द्राक्षंच पिकवायचे.

दोन शंका. ती तुमच्या घरी न्यायला तिच्या भावाच्या मळ्यातली रीसलिंग वाईन आणू म्हणते. वडिलांच्या गळ्यात माळ आहे, मग हे बरं दिसेल का? आणि शेडवर लहान मुलांना नेलं तर चालेल ना? गंधकाचं वाचून जरा काळजी वाटली.

---

प्रेषक: तासगावकर (सध्या मणेराजुरी)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: फेब्रुवारीत सांगली

वहिनी, बाटली आणू नका. वडील रागावणार नाहीत, पण ती ठेवायची कुठं या विचारानं आई दिवसभर अवघडून जाईल. मैत्रिणीला सांगा, आजोबांच्या मळ्याचा एखादा जुना फोटो असला तर आणा. आणि त्यांच्याकडची छाटणीची कात्री. वडिलांनी बेझनमध्ये ती हातात घेऊन पाहिली होती, त्यानंतर दोनदा तिचं नाव काढलंय. कात्री चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत अडवतील.

मुलांना खुशाल आणा. गंधकाची धुरी बंद खोलीत देतात, ती चालू असेल तेव्हा आपण त्या बाजूला जायचं नाही, एवढंच. रॅक झाडायच्या दिवशी आलात तर मुलांच्या हातात काठी देऊ. बागेतला घड तोडून लगेच तोंडात टाकू नये, आधी फवारणीची तारीख मला विचारायची. खायला म्हणून घराजवळच्या दोन ओळी वडिलांनी वेगळ्या ठेवल्यात, त्यांवर शेवटचं औषध कधी मारायचं ते वहीत लिहून ठेवलंय.

आमचा माल साधारण वीस फेब्रुवारीच्या पुढं तोडायला येईल. एकदा गोडी भरली की व्यापारी आणि ऊन दोघंही थांबत नाहीत. त्यामुळं लग्न झाल्या झाल्या पहिले दोन दिवस इकडं काढा, मिरज नंतर. सांगलीहून तासगाव पंचवीस किलोमीटर आहे, सकाळी सातला निघालात तर ऊन चढायच्या आत बाग बघून होईल. जेवायला आमच्याकडं. आई विचारतेय, पाहुणे भाकरी हातानं मोडतील की चमचा द्यावा लागेल. आणि नक्की किती माणसं ते कळवा, नागजच्या शेडवाल्याला मी आधी सांगून ठेवतो.