सोसायटीत सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून करायची मदत) शिकवायचं म्हटलं तर कमिटी नाही म्हणतेय

घोडबंदरकर:
आम्ही कासारवडवलीला राहतो. मध्यंतरी आमच्या विंगमधले एक काका बॅडमिंटन खेळता खेळता कोसळले, सगळे भोवती गोळा, कोणी पाणी शिंपडतंय कोणी कांदा हुंगवतंय, पण छाती दाबायची कोणाची हिंमत होईना. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. आता मी ट्रेनिंग ठेवू म्हणतोय तर सेक्रेटरी म्हणतात ते डॉक्टरांचं काम, बरगडी मोडली तर कोण निस्तरणार. काय सांगू यांना?

नेरूळची सिस्टर:
त्यांना सांगा बरगडी मोडते कधीकधी, पण ती जुळते. हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, तेवढ्यात कुठला डॉक्टर पोचणार? आणि एक घोळ सगळेच करतात, अटॅक आलेला माणूस शुद्धीवर असेल, छातीत दुखतंय म्हणत असेल तर त्याची छाती दाबत बसू नका, 108 ला (ॲम्ब्युलन्सला) फोन लावा आणि चालू देऊ नका. हाका मारून हलवून उठत नाहीये, श्वास नाही किंवा मधूनच घोरल्यासारखा आचका देतोय (लोक म्हणतात श्वास चालूए, तो श्वास नव्हे!) तर दाबायला लागा, 108 दुसऱ्याला लावायला सांगा. सोफ्यावर असेल तर खाली जमिनीवर घ्या, छातीच्या मधोमध, कोपर ताठ, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत हात भरून येतात, मग दाबणारा माणूस बदला.

खारघर३५:
तोंडाने श्वास पण द्यावा लागतो ना? तिथेच लोक मागे सरतात.

नेरूळची सिस्टर:
मोठं माणूस अचानक कोसळलं तर नुसतं दाबलं तरी चालतं. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर श्वासही लागतो, ते नीट शिकूनच घ्या.

ठाणेकर_आजोबा:
कमिटीला राहू द्या बाजूला, आधी वॉचमन आणि कामाला येणाऱ्या मावशींना शिकवा. दुपारी आमच्यासारखी म्हातारी माणसं घरी एकटी असतात, तेव्हा बिल्डिंगमध्ये असतं कोण दुसरं? आणि ॲम्ब्युलन्स आली की गेटवर एन्ट्री रजिस्टर पुढे करायचं नाही हेही वॉचमनला शिकवा, आमच्याकडे झालंय तसं.

घोडबंदरकर:
हे भारी, वॉचमनपासूनच सुरू करतो. एकमेकांवर प्रॅक्टिस केली तर चालेल का?

नेरूळची सिस्टर:
अजिबात नाही!! धडधाकट माणसाची छाती अशी दाबायची नसते. शिकवणाऱ्याला सरावाचा पुतळा घेऊनच यायला सांगा.