बाळंतिणीकडे कोण बघतं? पहिल्या सव्वा महिन्याचे अनुभव लिहा

शेवंती_सातारा
भाची बाळंत होऊन माहेरी आलीये. आज सकाळी वहिनीनं तुपात डिंक तळायला घेतला आणि त्या वासासरशी मला माझी आतली खोली आठवली. खिडकीला चादर, कानाला रुमाल, आणि दिवसभर बाळ बघायला येणारी माणसं. बाळाचं नाक कुणावर गेलंय, जावळ किती, वजन किती, सगळ्यांना सगळं माहीत. माझ्या अंगावरून किती जातंय हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या खोलीत सासरे, दादा, पाहुणे. बोलणार कुणाशी?

ते विचारलं मालिशवाल्या मावशींनी. पोटावर हात ठेवला, कपडा बघायला मागितला आणि आईला म्हणाल्या, "तेल राहू दे, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने." सोनोग्राफीत वारेचा तुकडा आत राहिलेला दिसला. पिशवी साफ करावी लागली, रक्त चढवावं लागलं.

बाळंतिणीला जातंच, एवढंच मला माहीत होतं. किती म्हणजे जास्त, हे कुणी सांगितलं नव्हतं. भाचीला मी पहिल्या दिवशीच समोर बसवून सांगितलं. तुम्हीही लिहा. बाळाचं पुष्कळ लिहिलं जातं, इथे आधी आईचं लिहा.

सदाफुली
बाई गं! त्या मावशींचे पाय धरावेत.

रानजाई_परिचारिका
ड्यूटीवरून घरी येतेय, बसमधून लिहितेय, तुटक होईल.

शेवंतीताई, हे प्रत्येकीला घरी जाण्याआधी सांगायला हवं. पहिले काही दिवस लालभडक जातं, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळसर पांढरं. चार ते सहा आठवडे चालू शकतं. अंगावर पाजताना पोटात कळ येऊन थोडं जास्त गेलं तर घाबरू नका, पिशवी आकसत असते. पण तासाभरात अख्खं पॅड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास यायला लागला किंवा कमी झालेलं पुन्हा लालभडक आणि भरपूर सुरू झालं, तर वाट बघायची नाही. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

दुसरं, डोकं. गोळीनं न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगडीखाली दुखणं. "जागरणानं होतंय" म्हणून सोडून देतात. बाळंतपणानंतरही बीपी वाढतं, झटके येऊ शकतात. गरोदरपणात बीपी अगदी नॉर्मल होतं अशा बाईलासुद्धा. एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली तरी ताबडतोब यायचं. माझा स्टॉप आला.

चिंचगुळ
माझं सिझर. "तुझं काय, तुला कळाच नाही आल्या" हे वाक्य सासरी इतक्या जणींनी ऐकवलं! पोटाचे सात थर कापतात गं, आणि दुसऱ्या दिवशी उठून चालायचं असतं.

काय उपयोगी पडलं ते लिहिते. उठताना सरळ उठायचंच नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन बसायचं. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची. पाजताना बाळ पोटावर न घेता बगलेखाली घ्यायचं, म्हणजे त्याचे पाय मागच्या बाजूला जातात आणि टाक्यांना लाथ बसत नाही. आणि पाणी प्यायचं. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात, टाके पिकतात म्हणून. माझी तर बद्धकोष्ठानं वाट लागली. डॉक्टरांनी सासूबाईंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं तेव्हा तांब्या खोलीत आला.

घाटमाथा
@चिंचगुळ पाण्याचं अगदी आमच्या घरचं! डाळ पण बंद, वातूळ म्हणून. नुसता भात, तूप आणि मेथी. बाजरीची भाकरी मागितली तर मिळाली, तेवढीच माझी चैन.

आजोळ
मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, लेकीची आणि सुनेची मिळून बाळंतपणं केलीत. जुनं सगळं टाकाऊ नाही गं बायांनो. सव्वा महिना तिला ओझं उचलू न देणं, कोमट तेलानं अंग रगडणं, गरम पाण्याची अंघोळ, ताजं गरम जेवण, हे ज्यांनी ठरवलं त्यांना बाईच्या अंगाची पारख होती.

पण बाजेखालची शेगडी आणि धुरी मी माझ्या घरातून काढली. बंद खोलीत कोळसा पेटवला की जो वायू होतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातं. आणि धुरीनं एवढ्याशा जिवाची छाती भरते. शेक हवा तर रबरी पिशवी आहे. ओवा-बाळंतशेपा खायला द्या, निखाऱ्यावर टाकू नका. बाळाच्या नाकात, कानात तेल नाही, नाळेला हळद नाही, राख नाही. कोरडी ठेवली की आपली आपण गळून पडते. काजळ नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, सोन्याच्या वळ्यानं चाटवायचा असला तरी नाही. नातवाच्या वेळी एक नातलग बाई मधाची बाटली घेऊनच आल्या होत्या. त्यांना म्हटलं, द्या इकडे, बाळाची आई पेल्यातून दूध पिते त्यात घालते. बाई खूश आणि आम्हीही.

वाफाळ
आजी, तुम्ही आमच्याकडे याल का हो? आठवा लागलाय. 😊

आजोळ
ये की माझ्याकडेच, खोली रिकामी आहे.

अबोली_मुंबई
माझी मुलगी दिवस भरायच्या पुष्कळ आधी झाली. ती काचेच्या पेटीत, मी वॉर्डात, आणि मला दूधच नाही. शेजारच्या खाटांवर बाळं रडायची आणि माझ्या पाझरायचं नाही, ते दुःख सांगता येत नाही. मुलीला पहिले दिवस दुग्धपेढीतलं दूध मिळालं. कुठल्यातरी अनोळखी आईचं. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी आपल्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे तिथल्या सिस्टरनीच सांगितलं.

दर दोन-तीन तासांनी हातानं पिळायला शिकवलं मला. रात्रीसुद्धा. आधी चमचाभर, मग वाटीभर. मग मुलीला नुसत्या लंगोटात माझ्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे ठेवायचे तासन् तास, वरून साडीचं पांघरूण. त्यानं तिचं अंग गरम राहायचं आणि माझा पान्हाही वाढला. नंतर माझं जास्तीचं दूध मी त्याच पेढीला दिलं. ज्यांची बाळं पेटीत आहेत त्यांनी विचारा, तुमच्या शहरात पेढी आहे का.

सदाफुली
अबोली, वाचून डोळे भरले. आता कशी आहे लेक?

अबोली_मुंबई
पाचवीत. घरभर कबड्डी खेळते.

मुळामुठा
बाबा लोकांनी लिहिलं तर चालेल ना? केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस पितृत्व रजा मिळते, ती मी पूर्ण घेतली. कार्यालयात हसले, हसू देत. पाजणं सोडून सगळं बाप करू शकतो. ढेकर काढणं, दुपटी धुणं, रात्री बाळ उचलून तिच्याकडे देणं आणि पिऊन झालं की परत घेणं. बायकोला सलग चार तास झोप मिळाली की दुसऱ्या दिवशी तिचा चेहराच वेगळा असायचा.

आणि दाराशी उभं राहणं हे माझं मुख्य काम. सर्दीवाला पाहुणा असेल तर हात जोडून परत. वाईट वाटलं काही जणांना, पण तिच्या खोलीत गर्दी नको होती.

नागझरी
तुम्ही थोर आहात दादा. आमचे हे बाळ रडलं की म्हणायचे, "अगं, रडतोय."

घाटमाथा
😂😂 सगळीकडे हेच.

कुंदा_आशा
मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या घरभेटी ठरलेल्या असतात, दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरचे म्हणतात, बाळ झोपलंय नंतर या. मी म्हणते, मला आईलाबी बघायचंय. ताप बघते, टाके विचारते, छातीत गाठी आहेत का विचारते, गोळ्या घेते का विचारते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, बाळ झालं म्हणून बंद करायच्या नाहीत. चहा-दुधासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतबी नको, लिंबू पाण्यासोबत चांगल्या.

बाळाचं एवढंच सांगते. नीट पीत नसेल, अंग गार किंवा तापलेलं, श्वास जोरात, छाती आत ओढते, सुस्त पडलंय, तळहात-तळपाय पिवळे, तर लगेच दवाखान्यात हलवायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना हे शिकवलं आणि बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. आमच्या घरभेटी त्याच्यातूनच आल्या. आशा दाराशी आली तर बसायला सांगा, एवढं म्हणणं आहे.

रानजाई_परिचारिका
कुंदाताई, 🙏. कावीळ पहिल्या २४ तासांतच दिसली तरी लगेच दाखवायचं, हे त्यात धरा. कोवळ्या उन्हावर विसंबू नका.

तुळस_नेदरलँड्स
आईला व्हिसा वेळेवर मिळाला नाही, आम्ही दोघंच. इथे बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर रोज काही तास एक प्रशिक्षित बाई घरी येते, या सेवेला क्राम्झोर्ख म्हणतात. बराचसा खर्च विम्यातूनच. आधी गरोदरपणातच नाव नोंदवावं लागतं. माझा ताप, नाडी, टाके बघायची, पोट चाचपायची, बाळाचं वजन करायची, न्हाणीघर घासायची आणि पाहुण्यांना चहासुद्धा द्यायची. शेवंतीताईंच्या मालिशवाल्या मावशींचं वाचताना मला तीच दिसली. बाळ झालं की इथे टोस्टवर लोणी लावून साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे देतात. मी तर रडलेच, आईच्या हातची बडीशेप आठवून.

वाफाळ
मला अंगावर पाजण्याचं सांगा ना कुणीतरी. भीती वाटते.

चिंचगुळ
दुखत असेल तर पकड चुकतेय एवढं लक्षात ठेव. नुसतं बोंड तोंडात द्यायचं नाही, भोवतालचा काळा भागही जायला हवा. बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. आणि बाळाला तुझ्याकडे आण, तू वाकू नकोस, पाठ जाते. पहिला पिवळसर चीक अजिबात टाकायचा नाही, थोडासाच येतो पण तेवढाच पुरतो. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-सात वेळा शू झाली तर दूध पुरतंय, मग कोण काय म्हणतंय तिकडे लक्ष द्यायचं नाही. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतंच.

छाती दगड झाली तरी पाजणं बंद करू नकोस. लाल चट्टा, थंडी वाजून ताप, तर डॉक्टर.

निनावी_आई
नेहमीच्या नावानं लिहीत नाहीये.

माझं सगळं नीट होतं. टाके, दूध, बाळ, माहेर. तरी मला बाळाकडे बघून काही वाटायचं नाही. ते झोपलेलं असताना मी जागी. आई म्हणायची, सगळ्यांनाच होतं. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येतं आणि ओसरतं, ते खरंच बऱ्याच जणींना होतं. माझं ओसरलं नाही, वाढलं. आपण नसलो तर बरं, असं यायला लागलं मनात. लहान बहिणीला ते कळलं आणि ती मला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं असतात, मला दिली. काही महिन्यांत मी माझी झाले.

हे दुखणं आहे. दृष्ट नाही, माज नाही. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. बाळंतिणीला "बाळ कसं आहे" विचारून झालं की "तुला झोप लागते का" हेही विचारा.

शेवंती_सातारा
तू लिहिलंस, फार मोठं काम केलंस. नंबर भाचीच्या कपाटाच्या दारावर चिकटवलाय आत्ताच.

आजोळ
पोरी, तुझ्या बहिणीला माझा आशीर्वाद सांग.

म्हापसेकर_वहिनी
उशिरा आले. आमच्या गोव्यात बाळंतिणीला मेथ्यांची पेज देतात. मेथ्या भिजवून तांदळाबरोबर शिजवायच्या, नारळाचा रस आणि गूळ. कडू लागत नाही फारशी. मला सकाळी तेवढंच जायचं.

आणि कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत असं धरून चालू नका. माझ्या दोघांत वर्षाचंही अंतर नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, लाजू नका.

नागझरी
पेज करून बघणार. अळिवाचे लाडू कुणी नीट सांगेल का? माझे दरवेळी चिकट होतात.

आजोळ
अळीव नारळाच्या पाण्यात भिजव, नुसतं पाणी नको. दोन-तीन तासांत फुगतात. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर, कडेनं सुटेपर्यंत हलवत राहायचं. तू लवकर उतरवत असशील. जायफळ शेवटी.

नागझरी
गूळ किती पण?

आजोळ
खोबऱ्याच्या निम्म्यानं घाल, चव बघ, मग वाढव.

वाफाळ
आजी, मी खरंच फोन करू का?